लेकीचे दोन आजोबा

माझा स्वभाव मुळातच उतावळा. चुलीवर दूध ठेवलं की ते उतू जायच्या आधी मीच उतू जाते, असं आमचे हे म्हणतात. त्यामुळे चार वर्षांनी मलावीहून रजेवर आलो, तेव्हा बदनापूरला गाडी पुरती थांबायच्या आधीच मी बॅगा घेऊन दारात उभी होते. आम्ही नवराबायको तिकडे आफ्रिकेतल्या एका खेड्यात सुवार्तेचं काम करतो. जाताना लेक पाच वर्षांची होती, आता नऊची झाली. तिला गावाकडचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. तरी रिक्षात बसल्यापासून "हे आपलं शेत? मग हे? मग ते तरी?" असं तिचं चालूच होतं. मी तिला गप्प बस म्हणत होते आणि स्वतःच मान बाहेर काढून बघत होते.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. सासूबाई गेल्यापासून ते घरात एकटे. दिवस शेतात काढायचा, संध्याकाळी गावातल्या छोट्या चर्चला जाऊन यायचं, एवढंच. नातीला बघून त्यांना काय करू आणि काय नको असं झालं. दुसऱ्याच दिवशी शेतात हुरडा. लेकीने गरम कणीस हातावर चोळायला घेतलं, चटका बसला, तोंडाला राख लागली आणि तरी ती "अजून, अजून" करत होती. मला वाटलं, चला, सगळं कसं झकास जमलं. तेवढ्यात मामांनी आगटीतला निखारा काडीने सारला आणि यांच्याकडे न बघताच बोलले.

"तुम्ही दोघं खुशाल जा. देवाचं काम हाय, म्या आडवा येत न्हाई. पण लेकरू इथंच राहील. बदनापूरच्या शाळेत बोलून आल्तो मी. दारात गाडी येती."

हे म्हणाले, "बाबा, आपण बोलू सावकाश."

"त्यात बोलायचं काय? दोनदा हिवताप झाला लेकराला. दवाखाना कुठं, तुम्ही कुठं."

यांनी मान खाली घातली. यांची मान खाली गेली म्हणजे अर्धा होकार, हे मला लग्नापासून ठाऊक आहे. वडिलांचा शब्द मोडून हे कधी उंबरा ओलांडणार नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. देवाच्या कामाला मामांची ना नव्हती, फक्त त्या कामाला दुसऱ्याचं लेकरू जावं, एवढंच त्यांचं म्हणणं! पण खरं सांगायचं तर मामांचं काही चूक नव्हतं आणि तेच जास्त झोंबत होतं. तिकडच्या शाळेत एका गुरुजींपुढे अख्ख्या गावाची पोरं बसतात. लेकीला मात्र कोणी विचारलंच नव्हतं. ती हुरड्याचा घास तोंडात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली.

मामांनी तिकडचं कधी काही विचारलं नाही. आम्ही काय खातो, कुठे राहतो, कोण भेटतं, काही नाही. मी मात्र सांगायला नुसती आतुर. पहाटे हापशावर बादल्यांची रांग लागते आणि गावातल्या सगळ्या बातम्या तिथेच कळतात. हे सायकलवर वाड्यावस्त्यांना जातात, पिशवीत बायबल आणि पंक्चरचं सामान. मी मक्याच्या पिठाची भाकरी थापते, ती बघायला शेजारणी जमतात. त्या त्याच पिठाचा घट्ट गोळा शिजवतात. त्यांना माझं कौतुक वाटतं आणि दयाही येते. हे सगळं मी घरात मोठ्या आवाजात सांगायची. मामा "हूं" म्हणायचे आणि बैलांना वैरण टाकायला उठायचे.

रविवारी दुपारी आम्ही शेतात असताना फोन वाजला. घरात रेंज नसते, विहिरीजवळ असते. लेकीने नाव बघितलं आणि किंचाळलीच, "अगोगो!"

मामांनी विचारलं, "कोण म्हणं?"

"आबा, अगोगो म्हणजे आजोबा. आमच्या शेजारचे. मी रोज त्यांच्याच घरी असते."

मामांचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना. "तिकडं बी आजोबा हाय का तुला?" म्हणाले, आणि उठून लांब जायचं सोडून हळूच फोनच्या मागे येऊन उभे राहिले.

तिकडच्या म्हाताऱ्याने नुकतंच चर्च आटोपलं होतं. अंगात रविवारचा कोट, पाय मात्र शेतात. त्याने फोन फिरवला आणि मामा पुढे झुकले.

"ही ज्वारी हाय की!"

"हो आबा, तिकडे पण असते."

"गुडघ्याला आली. दाट पेरली त्यानं. सांग त्याला, दाट झाली."

लेकीने सांगितलं. म्हाताऱ्याने ताड्कन उत्तर दिलं. लेक म्हणाली, "ते म्हणतात, पाखरं निम्मी खातात, म्हणून दाट पेरतो. पोरं डबे वाजवतात, बेचकी मारतात, पण पाखरं परत येतात."

"डबे वाजवून पाखरं जात्यात व्हय? अन् बेचकी म्हंजे लेकरांचा खेळ! थांब म्हणाव त्याला. फोन ठिवू नको म्हणाव!"

आणि पंचाहत्तरी ओलांडलेला हा माणूस धोतर खोचून पिकातल्या राखणीच्या माळ्यावर सरसर चढला. हे खालून "बाबा, जपून!" ओरडत होते, पण ऐकतो कोण? मामांनी तिथल्या गोफणीत खडा घातला, डोक्यावर दोनदा गरगर फिरवली आणि सोडली. फाट्कन आवाज झाला आणि पार पलीकडच्या बांधापासून पाखरांचा थवा उठला. फोनमधून जी आरोळी आली ती शेजारच्या वावरात ऐकू गेली असेल. म्हाताऱ्याने हाका मारून माणसं गोळा केली. पाहता पाहता त्या एवढ्याशा पडद्यात आमच्या तिकडच्या चर्चची अर्धी मंडळी दाटली, हापशावरच्या माझ्या मैत्रिणीसुद्धा.

"आबा, ते म्हणतात परत! परत एकदा! खडा कुठे धरायचा विचारतात!"

लेक फोन घेऊन माळ्याखाली धावत होती, इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगत होती, घामाघूम झाली होती. मामा शिकवत होते, रागावत होते, "तसं न्हाई, मनगट ढिलं सोड म्हणाव" म्हणत होते. मी आनंदाने टाळ्या पिटत होते. सुनेने सासऱ्यांपुढे असं करावं का, हे मनातही आलं नाही.

त्या संध्याकाळी मामांनी पहिल्यांदा विचारलं, पाऊस किती पडतो, माती कशी आहे. तिकडे बैल नाहीत, सगळं कुदळीने करतात, हे ऐकून ते उठले आणि आपल्या बैलांच्या पाठीवर हात फिरवून आले.

सकाळी बघते तर ओट्यावर अंबाडीचा वाख घेऊन नवी गोफण विणत बसलेले. मी मनात म्हटलं, लेकीला इथे रमवायची तयारी चालली, दुसरं काय! दोन दिवस त्यांनी तिला वावरात नेऊन गोफण शिकवली. तिचा खडा पहिल्यांदा सरळ गेला तेव्हा ती आनंदाने ओरडत घरी आली आणि मी भाकरी थापायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

तिसऱ्या दिवशी मामांनी गोफण नीट गुंडाळून लेकीच्या हातात दिली. "तिकडच्या आजोबाला दे."

हे म्हणाले, "द्या बाबा, मी नेतो."

"तुला येती का फिरवता? जन्मात पाखरू हाकललं न्हाई तू. ती शिकवील त्याला बराबर."

मला राहवेना. "मामा, म्हणजे लेक आमच्यासंगं येणार?"

"मंग गोफण काय एकटीच उडत जाईल व्हय?" मामा खेकसले. डोळे भरले होते, ते त्यांनी उपरण्याने पुसले, आमच्यापासून लपवलेही नाहीत. मग नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्हाला म्हणाले, "अन् जल्दी निघा आता. तिकडची कणसं कोणासाठी थांबत न्हाईत."