पहिल्या हाफमध्ये गोल नको

कॉलेजात मी गोलकीपर होतो. गोलकीपरला खेळ मागून दिसतो. आपल्याच माणसांच्या पाठी, त्यांचे खांदे, कोण दमलंय, कोण कुणाकडं बघत नाही, हे सगळं आधी त्यालाच कळतं. आमच्या टीममध्ये काहीतरी बिघडतंय हे मला असंच पाठींवरून कळलं होतं. काय बिघडतंय ते मात्र उशिरा समजलं.

आमचा दहा नंबर, म्हणजे दहाची जर्सी घालून गोल मारणारा, चिकलठाण्याचा. त्याचे वडील जालना रोडला गाड्यांची सीट कव्हरं शिवायचे, आणि घरात मराठी आणि दखनी दोन्ही चालायचं. मी गारखेड्याचा, वडील सरकारी ऑफिसात. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात ग्राउंडवर त्यानं मला विचारलं, "गोलमधी उभा राहतो का? बाकी कुणी तयार नाय." मी राहिलो, आणि तीन वर्षं तिथंच राहिलो. तो असा फुटबॉल खेळायचा की कॉलेजातली क्रिकेटची पोरंसुद्धा बॅट खाली ठेवून बघायची.

आमची मॅच बघायला एरवी कुणीच यायचं नाही. मग कुणीतरी प्रॅक्टिसमधल्या त्याच्या फ्री किकचा व्हिडिओ टाकला. बॉल पोरांच्या भिंतीवरून वळून कोपऱ्यात शिरतो आणि मी हवेत उडी मारून तोंडावर आपटतो, एवढंच त्यात होतं. तो व्हिडिओ इतका फिरला की माझ्या मावशीनं नाशिकहून फोन करून विचारलं, "तो पडणारा तूच ना रे?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत कॅन्टीनमध्ये एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज, प्रत्येकाला "सर" म्हणणार. खेळांच्या बातम्या देणारं एक ॲप आहे, म्हणाला, आणि त्यांना जिल्ह्याजिल्ह्यातले कॉलेजचे खेळाडू हवेत. क्रिकेटवाले महाग झालेत, लोकांना आपल्या गावचं पोरगं बघायला आवडतं. त्यानं दहा नंबरसाठी बूट आणले होते, नेमक्या मापाचे. माप त्याला कुणी सांगितलं हे तेव्हा आम्ही विचारलं नाही.

महिन्याभरात चिकलठाण्याच्या चौकात त्याचं होर्डिंग लागलं. त्याचे वडील रोज दुकानात जाताना स्कूटर बाजूला घेऊन थोडा वेळ तिथं थांबायचे. त्याच्या अम्मीला ते आवडलं नव्हतं. "इतना बडा मुंह कायको लगाते," ती मला म्हणाली होती, "सारी दुनिया देखती." पण घरात नवं शिलाई मशीन आलं, बहिणीची फी वेळेवर गेली, आणि मग तीही काही बोलेना.

आमच्या सगळ्यांना नव्या जर्सी मिळाल्या, छातीवर ॲपचं नाव. प्राचार्यांनी त्या माणसासोबत फोटो काढला. आमच्या कोच सरांनीही काढला, पण सर फोटोत कॅमेऱ्याकडं बघत नव्हते.

मग डाव्या विंगच्या पोराला एका प्रोटीन पावडरवाल्यानं घेतलं आणि सेंटर हाफला एका जिमनं. बाकीच्यांना कुणी विचारलं नाही. खेळ बदलला तो इथून. विंगवाला बॉल आत टाकायचा सोडून दोन माणसांना चकवत बसायचा, कारण त्याचा चुलतभाऊ रेषेवर मोबाइल धरून उभा असायचा. सेंटर हाफ बॉल घ्यायला मागं यायचाच नाही. सर ओरडायचे, "पास! अरे, पास दे!" ज्यांच्याकडं कुणी आलं नव्हतं ती पोरं प्रॅक्टिस संपली की बॅग उचलून गुपचूप निघून जायची. पूर्वी आम्ही सगळे मिळून चहाला जायचो. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजनं आमच्यातल्या दोन पोरांना निरोप पाठवला की पुढच्या वर्षी आमच्याकडं ॲडमिशन घ्या, स्पॉन्सर आम्ही देतो. त्यातला एक गेला. जाताना कुणालाही भेटला नाही.

आंतरकॉलेज स्पर्धेच्या सेमीफायनलच्या आदल्या दिवशी प्रॅक्टिसमध्ये माझ्या उजव्या हाताचं बोट मुरगळलं. सर म्हणाले, कुणाला सांगू नकोस, समोरच्यांना कळलं तर उजवीकडूनच मारतील. मी फक्त दहा नंबरला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर तो ॲपवाला माणूस समोर आला आणि हसून म्हणाला, "सर, बोट कसंय?"

मी दहा नंबरला गाठलं. "तू सांगितलंस?"

"त्यानं विचारलं रे. रोज विचारतो, कोण फिट आहे, कोण खेळणार. पोस्ट टाकायला लागतं म्हणे."

"कुठं टाकलीय पोस्ट? दाखव."

त्यानं मोबाइल काढला. बरंच खाली-वर केलं. माझ्या बोटाची पोस्ट कुठंही नव्हती. त्यानं मोबाइल खिशात ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "चल, वॉर्मअप करू."

त्या मॅचला माझ्या गोलच्या मागं तिघं अनोळखी उभे होते. त्यांना खेळाचं काहीच वाटत नव्हतं. टाळी नाही, शिवी नाही. तिघांच्याही कानाला फोन, आणि सारखं हळू आवाजात चालू, "कॉर्नर... कीपरनं धरला... थ्रो, निळ्यांचा." जणू कुठंतरी कुणी डोळे मिटून बसलंय आणि हे त्याला आमचं ग्राउंड वाचून दाखवतायत. मी एकदा मागं वळून विचारलं, "कोणत्या कॉलेजचे तुम्ही?" एकानं नुसतं बघितलं आणि फोनवर म्हणाला, "काही नाही, कीपर बोलतोय."

आम्ही जिंकलो. फायनलच्या दोन दिवस आधी त्या माणसानं दहा नंबरला दुपारी जालना रोडच्या एका हॉटेलात बोलावलं. तो मला म्हणाला, "तू बी चल. एकट्याला नको वाटतंय."

मला बघून त्या माणसाच्या कपाळावर आठीसुद्धा आली नाही. त्यानं तिघांना चहा मागवला. नव्या वर्षाच्या कराराबद्दल बोलला, मुंबईत शूटिंग, मोठं नाव. मग कपात चमचा फिरवत म्हणाला, "फायनलला एक छोटी गोष्ट करायची. पहिल्या हाफमध्ये गोल नको."

दहा नंबरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "म्हंजे?"

"म्हणजे तू मारू नको. दुसऱ्या हाफमध्ये हवे तेवढे मार. कप घ्या, मिरवणूक काढा. हरायला कोण सांगतंय? कुणाचं काय नुकसान?" आणि त्याच आवाजात पुढं म्हणाला, "अब्बू दुपारी दुकानात एकटेच असतात ना? परवा कव्हर करून घेतलं त्यांच्याकडून. छान हात आहे."

दहा नंबरनं चहाला हात लावला नाही. आम्ही उठलो तेव्हा तो माणूस दारापर्यंत सोडायला आला, माझ्या खांद्यावर थोपटलं, म्हणाला, "बोटाची काळजी घ्या."

आम्ही स्कूटरवरून परत निघालो. सिग्नलला त्याचंच होर्डिंग समोर होतं. तो खाली रस्त्याकडं बघत राहिला.

"सरांना सांगू," मी म्हणालो.

सरांना सांगितलं. सर खुर्चीत मागं टेकले आणि स्वतःच्या जर्सीवरचं ते नाव बोटानं चाचपत राहिले. मग दार लावून दहा नंबरला म्हणाले, "तू आजारी पड. ताप आला म्हण. मी बदली खेळाडू घेतो."

"सर, मी नाही खेळलो तर बी त्यांचंच होतं ना? गोल तर मीच मारतो."

"पहिल्या हाफवर सट्टा लावला असणार त्यांनी," सर म्हणाले. "पोलिसांत जायचं तर पुरावा काय देणार?" ते पुढं म्हणाले. "आणि प्राचार्यांचा फोटो आहे रे त्याच्यासोबत." ते घाबरले होते. त्याचा मला राग आला नाही. आम्हीही घाबरलो होतो.

फायनलला ऊन कडक होतं. ते तिघं मधल्या रेषेजवळ उभे होते, आता पाच झाले होते. सुरुवातीला दहा नंबर नुसता चालत होता. मला त्याची पाठ दिसत होती. बॉल आला की लगेच सोडून द्यायचा. माझ्या मनात आलं, हा मान्य करतोय. आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं, कारण मला त्याचे वडील दिसत होते, मशीनवर वाकलेले, रस्त्याकडं पाठ करून बसलेले.

मग पहिला हाफ संपायला थोडी मिनिटं असताना मैदानाच्या मध्यावर एक साधा बॉल त्याच्याकडं आला. त्यानं तो थांबवला, मान वर केली, आणि पळायला लागला. एकाला सोडलं, दुसऱ्याला सोडलं. विंगवाला हात वर करून ओरडत होता, त्यानं बघितलंही नाही. बॉक्सच्या बाहेरूनच मारला. जाळी हलली तेव्हा सगळे त्याच्याकडं धावले. तो उभाच होता, हात खाली सोडून, जणू त्याच्या हातून काही सांडलंय. मी त्या पाच जणांकडं बघितलं. ते बोलायचे थांबले होते. एकानं फोन कानावरून खाली घेतला आणि बंद केला.

आम्ही कप जिंकलो. मिरवणुकीत तो नव्हता.

आठवडाभर काहीच झालं नाही. तो आठवडा मला आजही नीट आठवतो. फोन वाजला की दचकायचो. आठव्या-नवव्या दिवशी होर्डिंगवरून त्याचा चेहरा गेला, कोरा पांढरा कागद चिकटवलेला. नंतर कॉलेजात कुणीतरी दहा नंबरच्या मेसेजचे स्क्रीनशॉट पाठवले: कोण फिट, कोण बसणार, माझं बोट. सगळं त्याच्याच नंबरवरून. समोरून कुणी विचारलं होतं तो भाग कापलेला.

कॉलेजनं चौकशी बसवली, मलाही बोलावलं. हॉटेलात काय झालं ते मी शब्दन् शब्द सांगितलं. प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तूही तिथं होतास तर. तुला काय मिळालं?"

दहा नंबरला टीममधून काढलं आणि विद्यापीठाच्या स्पर्धा बंद केल्या. माहिती विकली, असं कारण. सर खाली बघत बसले होते. ॲपच्या जर्सी आम्ही पुढच्या मॅचलाही घातल्या. दुसऱ्या जर्सी नव्हत्या.

त्याच्या वडिलांच्या दुकानात एक गिऱ्हाईक यायला लागलं. कव्हर शिवून घ्यायचं, पैसे नीट द्यायचं आणि निघताना विचारायचं, "पोरगा काय करतो आता?" कधी वाकडं बोललं नाही. पोलिसांत सांगायला गेले तर हवालदार म्हणाला, गिऱ्हाईक येतं ही काय तक्रार झाली? महिन्याभरात त्यांनी दुकान बंद केलं आणि सगळं घर करमाडला दहा नंबरच्या मामाकडं गेलं.

पुढं ऑनलाइन सट्ट्यावर आणि पैशाच्या खेळांवर सरकारनं बंदी आणली तेव्हा ते ॲप एका दिवसात गायब झालं. तो इस्त्रीचा शर्ट कुठं गेला कुणास ठाऊक. मी शेंद्र्याला कंपनीत लागलो. करमाड तिथून जवळ, म्हणून सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडं जातो. तो वडिलांसोबत ट्रॅक्टरच्या सीटा शिवतो. हात चांगला बसलाय. फुटबॉलचं आम्ही बोलत नाही.

मागच्या रविवारी मात्र तो स्वतःच बोलला. गावातल्या शाळेच्या मुलींची फुटबॉल टीम तालुक्यात पहिली आली होती, त्यात त्याची मामेबहीण. कुठल्याशा कंपनीची माणसं शाळेत येऊन गेली. मुलींचे व्हिडिओ काढू, म्हणाली, सामान देऊ, मोठं करू. तो हेडमास्तरांना भेटायला गेला होता.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझं काय झालं ते आम्हाला माहीत आहे, पण पोरींचं भलं होत असंल तर तू कशाला आडवा येतोस."

त्यानं दाभणात दोरा ओवला आणि सीटचा फोम दाबून धरला. तेवढ्यात मामेबहीण घरात आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "भाईजान, एक सर फोनवर विचारत होते, आपल्या टीममधी सगळ्यात जोरात कोण पळतं. मी सांगितलं."

त्याचा हात थांबला. "अजून काय विचारलं?"

"काय नाय," ती म्हणाली. "लई चांगलं बोलत होते."