पित्तरमावशी

वर्षातून एक दिवस पित्तरमावशी स्वतःच्या नावाला ओ देत नसे. तिचं खरं नाव कौशल्या. अखजीच्या सकाळी कुणी "कौशल्याबाई" अशी हाक मारली, तर ती सरळ पुढे निघून जाई. पण ज्या मेलेल्या बाईच्या नावानं तिला त्या दिवशी जेवायला बोलावलेलं असे, तिचं नाव घेतलं की लगेच वळून "काय वं?" म्हणे. आम्ही पोरं दाराआडून हे ऐकत असू आणि अंगावर काटा येई. ऐकायला मात्र दरवर्षी जात असू.

आमच्या केनवडकडे अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं कुणाला तरी पाटावर बसवून जेवू घालतात. त्याला पित्तर म्हणतात. पुरुषाच्या नावानं पुरुष, बाईच्या नावानं बाई, आणि सवाष्ण गेलेली असेल तर सवाष्णच हवी. मावशीचा नवरा कामाला म्हणून सुरतेकडे गेला तो परतला नाही. पण त्याच्या मरणाची खबरही आली नाही, म्हणून तिचं कुंकू शाबूत होतं. बायका म्हणत, "तिले तरी घरी कोन हाय वाढाले?" आणि आमंत्रण तिलाच जाई.

एरवी ती भुताखेतांच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. फाल्गुनात पळस फुलला की आम्हा पोरींची पलटण घेऊन नाल्याकाठी जाई, ओटीभर फुलं आणून चुलीवर उकळी आणि होळीचा केशरी रंग करी. कैऱ्या पाडताना रखवालदार आला तर सगळ्यांच्या आधी तीच पळे, आणि वर आम्हालाच ओरडे, "पया वं पोरीहो, मी म्हातारी झाली!" तेव्हा ती तिशीचीही नसेल. आमचे लहानपणीचे सगळे वसंत तिच्या मागे धावण्यात गेले.

"माह्या अंगात काही येत नाही," ती सांगे. "मले निस्तं जेवाचं रायते." पण पाटावर बसली की ज्या बाईच्या नावानं बसली तिच्यासारखीच जेवे. एखादी डावखुरी असेल तर मावशीचा डावा हात आधी पुढे येई. एखादी घासागणिक पाणी पिणारी असेल तर मावशी तांब्या रिकामा करी. गाव लहान, पाहिलं असेल तिनं, असं मोठी माणसं म्हणत. मावशी लग्न होऊन गावात येण्याआधी ज्या बायका वारल्या होत्या, त्यांचं काय, हे कुणी विचारत नसे.

मी नऊ वर्षांची असताना माझी आई गेली. वर्षश्राद्ध झाल्यावर जी अखजी आली, त्या दिवशी बाबांनी मावशीला बोलावलं. पुरणाची पोळी, चिंचवणी, कुरडया, सगळं ताटात होतं. मावशीनं पोळीचा पहिला तुकडा मोडला आणि न बघता माझ्या ताटाच्या कडेला ठेवला. आई रोज तेच करायची.

पित्तर जेवून उठलं की त्याला अडवायचं नसतं. त्यानं मागे न बघता निघायचं आणि घरच्यांनी दार लोटून घ्यायचं. मावशी हात धुऊन उठली आणि मी तिचा पदर धरला. "आई, जाऊ नको."

"सोड तिले!" बाबा ओरडले. मी सोडला नाही. मावशी क्षणभर उभी राहिली आणि परत पाटावर बसली. मला पुढ्यात घेऊन तिनं माझी वेणी घातली, आईसारखीच घट्ट, डोळे ताणले जातील अशी. पदर मुठीत धरूनच मी तिच्या मांडीवर झोपून गेले. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. दहा वर्षांच्या पोरीनं दुसरं काय करावं?

त्यानंतर मावशी कुणाच्याच घरी पित्तर म्हणून बसली नाही. बायका बोलवायला आल्या की म्हणे, "माह्यात आता जागा नाही." मी रस्त्यात दिसले की थांबवून माझे केस सारखे करी, आईच्या शब्दांत रागावे. पुढच्या फाल्गुनात मी पळसाची फुलं घेऊन गेले तर तिला शिंकांवर शिंका आल्या. पळसाच्या फुलांनी शिंका यायच्या त्या आईला. मावशी पुन्हा नाल्याकडे फिरकली नाही, कैऱ्यांमागे पळाली नाही, मोठ्यानं हसलेलीही मला आठवत नाही. मला आई मिळाली होती. मग मावशी कुठे गेली हे मी कशाला विचारू? बाकीच्या पोरी तिला घाबरून लांब राहिल्या. मी तिच्या हातची वेणी घालून मोठी झाले, आणि लग्न होऊन वाशीमला आले.

यंदा चैत्रात शेजारणीचा फोन आला. मावशीनं अंथरूण धरलं होतं, अन्न सुटलं होतं, पण जीव जात नव्हता. भर दुपारी एसटीनं मी गाव गाठलं. मला पाहताच तिनं माझं मनगट पकडलं.

"तू धरलं, तूच सोड वं," ती म्हणाली. "लय वर्सं झाले. दोघीले एका वाटेनं जाता येत नाही."

ती काय मागतेय ते मला लगेच कळलं. आणि मला ते द्यायचं नव्हतं. आई एकदा गेली तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आता माझ्याच तोंडून तिला जा म्हणायचं होतं. मी बराच वेळ नुसती रडत बसले. खाटेवरची बाई तळमळत होती. शेवटी तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "आई, जा आता."

काही झालं नाही. पत्रे उन्हानं कडकडत होते तेवढेच. मग मनगटावरची पकड सैल झाली. मावशीनं डोळे उघडले, माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि विचारलं, "कोनाची पोर वं तू?"

मी आईचं नाव सांगितलं. तिनं आठवून पाहिलं, खरंच मनापासून आठवून पाहिलं, आणि मान हलवली.

"नाही बाप्पा," ती म्हणाली. "तिच्या घरी मी कधी जेवली नसन."