एका गिऱ्हाइकाची जाहिरात

माझ्या बायकोच्या मामांइतका चमत्कारिक जाहिरातवाला इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. भिगवणला हायवेलगत त्यांचं दुकान. पाट्या, हँडबिलं, रिक्षातून ओरडायचा मजकूर, सगळं लिहून देणार. पण हट्ट एकच. ‘समद्यांसाठी लिवलेलं कुणीच वाचत न्हाय. मला येक मानूस दाखवा.’ असा माणूस कोण दाखवणार? मग मामाच बाजारात एखादं गिऱ्हाईक हेरायचे आणि दिवसभर त्याच्या मागं फिरून चिठ्ठीवर टिपणं काढायचे. मोरगावच्या एका म्हाताऱ्यामागं तर एसटीनं थेट त्याच्या दारापर्यंत गेले. त्यानं खिसेकापू समजून कुत्रं सोडलं. मामांनी पळता पळता टिपलं, ‘गिऱ्हाईक सावध हाय.’

एका मासळीच्या खानावळवाल्याला पाटी हवी होती, ‘ताजी, झणझणीत, चविष्ट’ वगैरे. मामा दोन दिवस समोरच्या लिंबाखाली बसले आणि लिहून दिलं, ‘माळकऱ्यांनी गाडीत बसून राहू नये. आत पिठल्याची चूल वेगळी, तवा वेगळा, वाढणारी बाई वेगळी.’ मालक भडकला. ‘मामा, ह्यात माझं मासं कुठं हायती?’

‘मासं खानारा येतोच. पर घरातला येक माळकरी उपाशी बसनार म्हनून समदी गाडीच म्होरं जाती.’

शिव्या घालतच त्यानं पाटी लावली. महिन्याभरात बाकं वाढवावी लागली.

पण मामांची खरी कसोटी लागली ती भाचीच्या लग्नात. मुलगी डेअरीत दूध तपासायला पहाटे पाचला जायची आणि नोकरी सोडणार नाही म्हणायची. स्थळामागून स्थळं परतली. शेवटी एक आलं, ते नोकरी सोडायच्या अटीवर. तिची आई रडून रडून त्याला होकार द्यायला निघाली. मामांनी मुलीचा बायोडाटा वाचला. सुस्वभावी, मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष. ‘अगं, ह्यात आपली पोर कुठं हाय? महिनाभर थांब.’

महिन्यानं माझ्या मोबाइलवर अनोळखी नंबरावरून मजकूर आला. ‘मुलगी पहाटे कामाला जाते, लग्नानंतरही जाणार. बोलत बसली की भाकरी करपवते. हसली की शेजारी ऐकू जातं. ज्याच्या घरात फार शांतता आहे, त्यानंच फोन करावा.’

माझी आई गेल्यापासून सांगवीच्या घरात आबा आणि मी दोघंच. टीव्ही मोठ्यानं लावून जेवायचो, म्हणजे बोलावं लागायचं नाही. मी तो मजकूर चारदा वाचला. टीव्ही बंद केला आणि फोन केला.

शेकडो पोरांत पहिला फोन आपण केला, या तोऱ्यात मी कितीतरी वर्षं वावरलो. परवा मामांपुढंही मिरवलं. ते सुपारी कातरत म्हणाले, ‘दुसऱ्या कुनाचा येनार, जावईबापू? धाडला तुमा येकल्यालाच हुता. बारामतीचं तीन बाजार तुमा बाप-लेकाच्या मागं हिंडलो. दोघांनी येका पुड्यातली भेळ खाल्ली, पर येकमेकांशी येक शबूद न्हाय.’

आत बायको कशाला तरी खदखदून हसत होती, आबाही हसत होते, आणि भाकरी करपल्याचा वास येत होता.

मामांचे गुडघे आता गेले. बाजारात कुणाच्या मागं फिरणं होत नाही. मला मात्र भेळ घेताना मागं वळून बघायची खोड लागली आहे. मागं कुणी नसतं.