पाटा-वरवंट्याची केस

मंडळी, आत्ताच बेरशेबाच्या कोर्टातून डिमोनाला परत आले. घर वाचलं! जो तो विचारतोय, म्हणून हे आपल्या मराठी क्लबच्या फळ्यावरच लावतेय.

खालच्या मजल्यावरच्या बाईची तक्रार होती की मी घरात कारखाना चालवते, दर शुक्रवारी दुपारी तिच्या डोक्यावर यंत्र घरघरतं. इथे इस्रायलात सरकारी घरात धंदा केला तर घर जातं.

आज मी वरवंटाच पिशवीतून नेला. दारावरचा शिपाई दगड बघून आत सोडेना; सोबत आलेल्या माझ्या मुलीनं समजावलं, तेव्हा सोडलं. जजसाहेबांनी मात्र तो हातात घेऊन विचारलं, "यानं काय बनवता?"

"शब्बाथच्या जेवणातल्या माशांचं वाटण," मी म्हटलं. मुलीनं लाजत लाजत ते हिब्रूत सांगितलं.

जज हसले. म्हणाले, हा धंदा नाही. फक्त दुपारी दोन ते चार वाटू नका.

बाहेर ती बाई म्हणाली, "मी गिरणीत रात्रपाळी करते. झोपते ती दुपारीच."

मला रागच आला. अगं, मग एकदा वर येऊन सांगायचंस!

पण पाच वर्षांत मी तरी कुठे त्या दहा पायऱ्या उतरले होते?

तुमच्या खाली कोण झोपतं, तुम्हाला ठाऊक आहे?