चौघांचा सोलो

चार शहाणी माणसं सहा वर्षं एकाच गाण्याच्या मागे लागली, की गाणं राहतं बाजूला आणि किस्सेच वाढत जातात. अमरावतीत पाठक वकिलांच्या ऑफिसात दर रविवारी सकाळी आम्ही जमतो. पाठक, कॉलेजात गणित शिकवणारे वानखडे सर, अचलपूरकडचा शेतकरी बंडूभाऊ आणि मेडिकलवाला मी. ध्यास एकच, एका जुन्या इंग्रजी रॉक गाण्यातला दोन मिनिटांचा, एकट्यानेच वाजवायचा गिटार सोलो.

*

पहिल्या महिन्यात तारा ओढून आमच्या बोटांना फोड आले. वकिलांना सही करवेना. बंडूभाऊ मात्र मजेत.

म्हणाला, "एक सीझन कापूस येचून पाहा. मंग तार मऊ लागते."

*

बंडूभाऊ गिटार घेऊन एसटीने येतो. एकदा कंडक्टरने विचारलं, "भजनाले चालले काय?" बंडूभाऊला राग आला. त्याने तिथेच सोलोची पहिली ओळ वाजवून दाखवली.

कंडक्टरने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "संगं पेटीवाला घेत जा भाऊ, सुरात राहाल."

*

अवघड जागा कळाव्यात म्हणून आम्ही व्हिडिओ अर्ध्या स्पीडने लावायचो आणि तसंच वाजवायचो. एका रविवारी वकिलांचा एक अशील बाहेर बाकावर बसला होता. अर्ध्या तासाने तो चप्पल काढून हळूच आत आला.

"वकीलसाहेब, घरी कोनी गेलं काय?"

*

आम्हा तिघांचं हसण्यावारी चालायचं, सरांचं नाही. ते रिटायर होणार होते आणि निरोप समारंभात त्यांना हा सोलो वाजवायचा होता. पण तिसऱ्या ओळीनंतर डावा हात एकदम खाली न्यायचा असतो, तिथे ते दर वेळी अडकायचे. ऑफिसातल्या फळ्यावर त्यांनी सोलो पायऱ्या-पायऱ्यांनी मांडला, तरी अडकायचेच.

एकदा गिटार खाली ठेवून म्हणाले, "मले हे एकदा तरी पुरं वाजवाचं आहे." त्या दिवशी कोणी हसलं नाही.

*

मग पाठकांना एक मुलाखत सापडली. त्या रेकॉर्डिंगला हजर असलेला माणूस सांगत होता, की गिटारवाल्याने तो सोलो पाच वेळा वेगवेगळा वाजवला. त्यातले चांगले तुकडे निवडून जोडले. मग स्टेजवर वाजवायचा म्हणून त्याने स्वतःचाच सोलो घरी बसून पाठ केला.

सर फळ्याकडे वळले. "म्हणजे उत्तर आधी लिहिलं, गणित मागून सोडवलं?"

"मंग आपनही जोडू," पाठक म्हणाले. चार तुकडे केले. पहिला सोपा सरांना, मग बंडूभाऊ, अवघड तिसरा माझ्या गळ्यात, शेवटचा वकिलांना.

*

समारंभाला कॉलेजचा हॉल भरला होता. आम्ही चौघे गिटार अडकवून ओळीत उभे राहिलो. सरांनी सुरुवात केली. त्यांचा तुकडा संपत आला तसं बंडूभाऊने तारेवर बोट ठेवलं.

सर थांबले नाहीत. डोळे मिटून पुढे वाजवत राहिले. बंडूभाऊने माझ्याकडे पाहिलं, मी वकिलांकडे. ती तिसऱ्या ओळीनंतरची जागा आली, हात खाली गेला, एक सूर जरा घसरला आणि सर पुढे निघूनही गेले. शेवटच्या सुरापर्यंत गेले. टाळ्या थांबेनात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

खाली उतरलो तर सरांच्या मिसेस पेढे घेऊन समोर आल्या. माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाल्या, "लय छान झालं भाऊजी. पन तुमी तिघं तिथं काहून उभे होते?"