बेप्पूहून आणलेला टकलू

आमच्या ऑफिसात कुवाबारा तेत्सुरो यांच्याइतका मोठा प्रवासी नाही. जन्म गेला पाइपांची कोटेशनं करण्यात, आमच्या आमागासाकी शहराच्या बाहेर फार तर दातांच्या डॉक्टरकडे गेले असतील. पण रजेवरून परतल्यावर प्रत्येकाच्या टेबलावर त्या त्या गावच्या खाऊचं पाकीट ठेवायला कधी चुकले नाहीत. रिवाजच आहे तसा. आपण मजा मारायची आणि मागे राबणाऱ्यांची तोंडं गोड करायची.

यंदा म्हणे बायकोला घेऊन बेप्पूच्या गरम झऱ्यांवर गेले होते. मला मात्र ते स्टेशनमागच्या स्वस्त दुकानात सापडले. छतापर्यंत माल, पाय ठेवायला जागा नाही, आणि एकच गाणं दिवसभर कानात ओतत असतात. कुवाबारांच्या एका हातात बेप्पूच्या बिस्किटांचा डबा, दुसऱ्या हातात सुशीच्या आकाराचे मोजे.

"बेप्पू फारच जवळ आलं हो!" मी म्हटलं.

माणूस पांढराफटक पडला. "निशिओकासान, ऑफिसात बोलू नका. माझी बायको सुमिए इस्पितळात आहे. कॅन्सर."

मी त्यांच्या हातातले मोजे घेऊन उगाच किंमत बघितली.

"डॉक्टर म्हणतात, आता थोडे दिवस घरी न्या," ते म्हणाले. "ती येत नाही. केस गेलेत ना. शेजारीण बघेल म्हणते. माझ्याशीसुद्धा बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते. घर खायला उठतं हो."

"म्हणून मोजे?"

"छे, मोजे नाही. हे." त्यांनी पायाशी ठेवलेल्या टोपलीतून मातीचा एक आजोबा काढला. गुळगुळीत टक्कल, बटाट्यासारखं नाक, तोंडभर हसू. डोक्यात बी भरलेलं. पाणी घातलं की आठवड्याभरात हिरवे केस येतात.

मी भडकलेच. "अहो, अक्कल गहाण टाकलीत का? एक तर टक्कल! त्यात कुंडी! आजाऱ्याकडे मुळं धरणारी वस्तू नेली की आजारही मुळं धरतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं."

"अरेच्चा!" त्यांचा चेहरा उतरला. "मी केसांचाच विचार केला. पण हसतोय किती छान, नाही?"

असं म्हणून ते शांतपणे पैसे द्यायच्या रांगेत जाऊन उभे राहिले. एवढ्या शहाण्या माणसाला एकटं कसं सोडायचं? मी सोबत इस्पितळात गेले.

सुमिएसान खरोखरच भिंतीकडे तोंड करून होत्या, लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. कुवाबारांनी आजोबाला टेबलावर ठेवलं आणि ऑफिसात वाकतात तसे कमरेत वाकले. "अगदी क्षुल्लक भेट आहे. बेप्पूहून आणली."

बाई वळल्या. आजोबाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. तेवढ्यात नर्स आली आणि ओरडलीच, "माती? या वॉर्डात? आत्ताच्या आत्ता घरी न्या!"

कुवाबारा नर्ससमोर वाकले, माझ्यासमोर वाकले, गडबडीत आजोबासमोरही वाकले. संपलं सगळं, असं मला वाटलं. त्यांचा मला राग आला होता आणि रडूही येत होतं.

"थांबा."

आवाज पलंगावरून आला. सुमिएसाननी टोपी हळूहळू डोक्यावरून काढली. मी मान खाली घातली. मग लाज वाटली आणि वर बघितलं.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "हा टकलू घरी जातोय ना? मग ह्या दुसऱ्या टकलीलाही न्यायला सांगा यांना." नर्स काही बोलायच्या आत त्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि अहो, रडताय काय? शेजारीण दारात उभी असणारच. टॅक्सीतून आधी मला उतरवा, मग ह्याला. मान माझा मोठा आहे."