आमच्या नावानं मागितलेला कापूस

मायच्या हातातलं टारफुल्याचं झाड शिपायानं छडीनं खाली पाडलं. तिले हात लागू नये म्हणून छडी. रिठदहून मंगरूळपीरच्या डाकबंगल्यापर्यंत तिनं ते कमिटीले दाखवाले मुळासकट ओल्या फडक्यात आणलं व्हतं. हे तण ज्वारीच्या मुळातून रस पेते. वावर हिरवं दिसते, कणीस पोचट निंघते.

वामनराव तिथंच उभे व्हते. पाहून आत गेले.

सरकारी फार्मचे ते साहेब. मी त्यांच्या हाताखाली कामाले. आमी महार, तरी त्यांनी मले जवळ बसवून पिकाचे रोग ओळखाले शिकवलं. मी त्यांले लय मानत व्हतो. त्यांनीच सांगतलं, दिल्लीहून कमिटी येऊन राह्यली. देशातल्या विद्वानांनी कोणत्या पिकावर आधी संशोधन करावं, ते ठरवणार. तुझ्या लोकांले आण, मी बोलू देतो. माझ्या शब्दावर लोक मजुरी बुडवून आले.

त्यांले आवारात उन्हात बसवलं. मले वऱ्हांड्यात पंख्याची दोरी ओढाले लावलं. दार उघडं व्हतं. आत मोठे जमीनदार, कापसाची सरकी काढणारे जिनवाले. साऱ्यांले गिरण्यांसाठी लांब धाग्याचा कापूस पाह्यजे. कमिटीतल्या एकानं विचारलं, बाहेर बसलेल्या मजुरांचं काय म्हणणं हाये?

वामनराव म्हणाले, "साहब, ये लोग भी कपास ही चाहते हैं."

कापसाचं काम आलं की फार्म वाढणार व्हता. वामनरावही वाढणार व्हते.

माझा हात थांबला. पंखा थांबला. मी दारात गेलो.

"आमी ज्वारी म्हणतो, साहेब. आमाले कोणी विचारलंच नाही."

वामनरावांनी मानही वर केली नाही. "दोरी धर."

"नाही धरत."

शिपायानं छडीनं ढोसत बाहेर काढलं. काम गेलं. कापसाचं ठरलं. ज्वारीचं पुढं पाहू, म्हणे. परतताना वाटेत कोणी माझ्याशी बोललं नाही. मायनं तेवढं विचारलं, "काहून आणलं रे आमाले?"

वैऱ्यानं केलं असतं त सोसलं असतं. ज्यानं शिकवलं त्यानंच विकलं.

आता म्हणतात, स्वराज्य येऊन राह्यलं. दिल्लीत आपले लोक बसतीन. बसोत. तेबी ठरवतीन, कशाचा शोध आधी, कोणाची भूक मागून. अशी बैठक जिथं भरन, तिथं मी जाईन. बोलावणं नसलं तरी. खुर्ची नाही दिली त जमिनीवर बसन. पण माझं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून जाऊ देणार नाही. तो कितीबी जवळचा असो.